सात मरळी

११ मार्च

बाबांनी "जाऊ नकोस" म्हटलं नाही, पण मी बॅग उचलली तेव्हा तोंडासमोरचं वर्तमानपत्रही खाली केलं नाही. ताई फाटकापर्यंत आली. म्हणाली, "कॉलेज अर्ध्यात सोडून तळ्यातले किडे मोजायला चाललायस. त्या बाईंना माहीत तरी आहे का?"

"काय माहीत आहे का?"

"जा बाबा, जा. कानाची पाळीसुद्धा लाल झालीय."

खरं काय ते इथे लिहितो, ही वही कुणी वाचणार नाही. पहिल्या वर्षाला जीवशास्त्राची प्रात्यक्षिकं ती घ्यायची. मग स्वतःच्या संशोधनासाठी या तळ्यावर राहायला आली. गेल्या महिन्यात मदतनीस हवा म्हणून कॉलेजच्या फळ्यावर तिची चिठ्ठी लागली. मी चिठ्ठीच काढून खिशात घातली, दुसऱ्या कुणाला दिसायला नको. एका पोराने ती आधीच पाहिली होती. त्याचा दात हलला, माझी बोटं सुजली. नोकरी मला मिळाली.

१४ मार्च

केंद्र म्हणजे ओळीने तीन खोल्या. पहिलीत ती, मधली प्रयोगशाळा, तिसरीत मी आणि होडीचं सामान. तळं शाळेच्या पटांगणाएवढं. चारही बाजूंनी बांध. ओढा आत येत नाही की बाहेर जात नाही, म्हणून तिने हेच निवडलं.

"या तळ्यात जे येतं ते तिकडून," ती म्हणाली आणि सूर्याकडे बोट केलं. "ते शेवाळात अडकतं. शेवाळ पाणपिसवा खातात, पिसवांना छोटे मासे, छोट्या माशांना मरळ. प्रत्येक घासाला दहातले नऊ भाग उडून जातात, नुसती ऊब होऊन. एक पुढे सरकतो. तो खरंच एक असतो का, ते मला इथे मोजायचंय. दोन वर्षं झाली, आता शेवटचे चार महिने."

"आणि मग?"

"मग प्रबंध लिहीन, आणि माझी आई लग्नाचं विचारायचं थांबवेल."

मी हसलो. मग दुपारभर त्या वाक्याचा किती प्रकारे अर्थ लागतो ते पाहत बसलो.

नियम एकच. नोंद केल्याशिवाय तळ्यात काही टाकायचं नाही, तळ्यातून काही काढायचं नाही. "काडीसुद्धा नाही," ती म्हणाली.

होडी वल्हवायला आणि राखणीला काका आहेत. चाळीस वर्षं या तळ्याची मासेमारी त्यांच्याकडे होती. आता ते पगारावर आहेत आणि जाळं टाकायला बंदी. होडीचा दोर सुटेना म्हणून मी होडीला लाथ घातली, तेव्हा म्हणाले, "तिचं काय चुकलं रे, तडतड्या?" तेच नाव पडलं.

१९ मार्च

बाहेरून पाहिलं तर तळं किती शांत दिसतं. आत नुसती कत्तल चालू असते.

आज तिने काचेच्या भांड्यात चतुराची अळी ठेवली आणि एक बेडूकमासा सोडला. अळी हलत नव्हती. मग तिच्या हनुवटीखालून एक घडी पडलेला हात सुटला, त्याच्या टोकाला आकडे. बेडूकमासा शेपटीकडून संपत गेला आणि त्याचे डोळे शेवटपर्यंत इकडेतिकडे बघत होते. मला वेळ मोजायला सांगितलं होतं.

"किती मिनिटं?"

"अकरा."

"छान," ती म्हणाली आणि लिहून घेतलं. तिच्या तोंडून 'छान' ऐकायला मी अजून अकरा मिनिटं तसंच बघत बसलो असतो.

माझं मुख्य काम मारणं. ठरलेल्या दिवशी ठरलेलं भांडंभर पाणी उपसायचं, त्यातले जीव गाळायचे, बर्फाच्या पाण्यात टाकायचे. मेले की ओव्हनमध्ये कोरडे करायचे, खलबत्त्यात कुटायचे, पावडर दाबून गोळी करायची. मग बॉम्ब. बॉम्ब म्हणजे जाड स्टीलचं भांडं. आत गोळी ठेवून प्राणवायू भरायचा, झाकण आवळायचं, पाण्यात बुडवायचं आणि ठिणगी द्यायची. आवाज होत नाही, मला वाटलं होतं होईल. बाहेरचं पाणी थोडं तापतं. किती तापलं त्यावरून त्या जिवात किती ऊर्जा होती ते कळतं.

मला जाळलं तर पाणी उकळेल.

२६ मार्च

दर बुधवारी सकाळी सात ते आठ मरळी मोजायच्या. मोठ्या सात आहेत, दोन वर्षांपूर्वी तिनेच मोजून सोडलेल्या. मरळ हवेतला श्वास घेते, थोड्या थोड्या वेळाने वर येऊन एक घोट घेतल्यासारखी 'गप्' करते आणि जाते. ती एका बांधावर बसते, मी समोरच्या. प्रत्येक घोटाला काडी मारायची. शेवटी दोघांच्या काड्या मिळवून सगळ्या शाबूत आहेत का त्याचा अंदाज घ्यायचा.

आज तिच्या अठरा, माझ्या सोळा. तासभर मध्ये पाणी आणि पलीकडे ती. माझ्या चार-पाच तरी सुटल्या असतील.

११ एप्रिल

घाईत लिहितोय, अक्षर लागेल तसं लागो.

बॉम्बची तार तुटली म्हणून शहरातून यंत्रवाला आला होता. गोरा, उंच, खिशात सतत पक्कड. मी त्याला पक्कडच म्हणतो. तो आत काम करत होता, ती लव्हाळ्याजवळ गुडघाभर पाण्यात चाळणी घेऊन उभी. तिथे मरळीची पिल्लं होती, लाल मिरच्या उकळत असाव्यात तसा त्यांचा गोळा पाण्यावर खदखदत होता. ती दोन पावलं पुढे गेली आणि पाणी फाटलं. हातभर काळं काहीतरी उसळून तिच्या पोटरीला लागलं आणि लटकून राहिलं. ती ओरडली. असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. मी धावलो, उचलून बांधावर आणली. रक्ताची धार माझ्या शर्टावर.

पक्कड बाहेर आला आणि सरळ मोटारसायकल चालू केली. मी म्हटलं, मी नेतो. तो म्हणाला, "कशावर? वल्ह्यावर?" तिने मागे बसून त्याच्या कमरेला हात टाकला. पाहिलं मी.

सात टाके पडले. तिचाच फोन आला.

काका म्हणाले, "तिची पिल्लं होती तिथे. चावणारच."

"काका, तुम्ही तिची बाजू घेताय?"

"कुणाची, मासळीची? मी बाजू नाही घेत बाबा. मी अंतर ठेवतो."

त्यांची मान धरावीशी वाटली. शर्ट धुतला नाही.

१२ एप्रिल

मारली.

उजाडताना. बांधावरच्या काकांच्या खोपटात तीन दात्यांचा भाला असतो तो घेतला. मरळ पिल्लांच्या खाली होती, हलत नव्हती, मला बघून पळालीसुद्धा नाही. पहिला वार पाठीत बसला, दांडा हातातून सुटायला आला एवढा जोर. बांधावर ओढली तरी तोंड उघडझाप करत माझ्याच पायावर येत होती. दगड घेतला. एकात झालं नाही. पाच-सहा लागले. लांबी माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत आणि वर चार बोटं.

बांधापलीकडच्या चिखलात पुरली. भाला धुऊन जागेवर. हात धुतले आणि काय हलकं वाटलं म्हणून सांगू. तिला सांगणार नाही. मोठं काम केलं की सांगत सुटायचं नसतं. एक दिवस तिला आपोआप कळेल.

१३ एप्रिल

दुसरी. पहिलीचा जोडीदार असावा, आज त्या पिल्लांवर हा उभा होता. हाही जागचा हलला नाही. सोपं गेलं. थोडा छोटा.

दुपारी लव्हाळ्याकडे गेलो. पिल्लांचा गोळा अजून होता पण राखायला कुणी नाही, आणि छोटे मासे चारही बाजूंनी घुसत होते. परवापर्यंत जे मरळीला भिऊन कडेला चिकटायचे तेच. आत शिरायचे, तोंड भरायचं, बाहेर. लाल गोळा फाटायचा, पुन्हा गोळा व्हायला बघायचा. तासाभरात पाणी रिकामं. पुढे बघवेना, निघून आलो. उन्हात उपाशी उभा होतो, त्यामुळे असेल.

१६ एप्रिल

ती लंगडत का होईना, मोजणीला आली. बांधावर खुर्ची मांडून दिली तर म्हणाली, "अरे, मी म्हातारी नाही झाले." पक्कड तिला सोडून गेला. तो रविवारीही आला होता, औषधं घेऊन. बॉम्ब तर केव्हाच दुरुस्त झालाय.

माझ्या बाजूला आठ घोट झाले. मी पंधरा काड्या मारल्या. दोन कमी झाल्यात हे तिच्या लक्षात यायला नको. तिच्या दहा. "पंचवीस," ती म्हणाली. "कमी वाटतायत, पण ठीक आहे. तुझे डोळे बरे आहेत म्हणून."

डोळे बरे आहेत म्हणाली.

२२ एप्रिल

उद्या ती टाके काढून येणार आणि लगेच पाण्यात उतरणार म्हणते. मी म्हटलं, मी उतरतो. म्हणाली, "चाळणीचा हात तुझा नाही, तू पिसवांना मारतोस." म्हणून आज सकाळी तिसरी आणि चौथी. एक पाण्यात उतरायच्या पायऱ्यांशी, एक मधोमध, होडीतून. मधली भाल्यावर चढली तेव्हा होडी उलटता उलटता राहिली. मी बरोब्बर डोक्यात मारायला शिकलोय. लांबी पहिलीएवढीच.

३० एप्रिल

काल दोन, एका पाठोपाठ. पाचवी आणि सहावी. हात दुखतोय.

आज मोजणीत मी एकवीस काड्या मारल्या. माझ्या बाजूला खरा घोट एकच. पण ती खूश आहे. गाळणीत छोटे मासे दुप्पट येतायत. "हे बघ, हे बघ," करत भांडं माझ्या तोंडासमोर धरलं. तिचे केस माझ्या हाताला लागले. मनात म्हटलं, हे मी केलंय. तुझ्यासाठी.

३ मे

सातवी.

हिची गरज नव्हती. ही दूर त्या कोपऱ्यात असायची, कधी कडेला यायची नाही. पहाटे आम्ही नमुने घ्यायला निघणार होतो, पण ती खोलीत फोनवर होती. खूप वेळ हसत होती. मी दाराबाहेर बादली घेऊन उभा. माझ्याशी बोलताना ती हसते तेव्हा तोंड मिटून हसते. मी बादली खाली ठेवली आणि खोपटाकडे गेलो.

हिला मरायला सगळ्यात जास्त वेळ लागला. मी घाई केली नाही. लांबी हाताएवढी. याहून जास्त लिहीत नाही.

१२ मे

तळं काय सुंदर दिसतंय! आधी मातकट होतं, आता दिवसागणिक हिरवं होत चाललंय, रंगाच्या डब्यासारखं. मी तिला म्हटलं, फोटो काढा. ती चाळणी उन्हाला धरून बघत होती.

"पिसवा कुठे गेल्या?"

चाळणीत खरंच काही नव्हतं. पूर्वी काळी मिरी सांडावी तशा असायच्या.

"तू तळ्यात काही टाकलंस? खत, राख, साबण?"

"नाही."

खरंच काही टाकलेलं नाही. खोटं बोललो नाही मी.

"छोटे मासे एवढे आहेत, त्यांनी पिसवा फस्त केल्या, मग शेवाळ खाणारं कोणी उरलं नाही," ती स्वतःशीच म्हणाली. "पण मग मरळी काय करतायत? झोपल्यात?"

काका वल्हं धरून बसले होते. त्यांनी आधी पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, "काय बघताय?" म्हणाले, "काही नाही. रंग बघतोय."

२१ मे

आज तिने बांध बदलले. ती माझ्या बाजूला, मी तिच्या.

मी बारा काड्या मारल्या. तास संपल्यावर ती उठली नाही. मी चालत तिच्याकडे गेलो तर तिचा कागद कोरा.

"तिकडे किती?"

"बारा."

"गेल्या बुधवारी मी तिथे बसले तेव्हा शून्य होते."

मी म्हटलं, फिरल्या असतील. ती माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "हो, फिरल्या असतील," आणि दुपारी मोठं ओढजाळं काढलं. या कडेपासून त्या कडेपर्यंत तीनदा ओढलं. छोटे मासे पोत्याने आले. मरळ एकही नाही.

संध्याकाळी तिने काकांचं खोपट उघडायला लावलं. भाल्याच्या दात्यांच्या खाचेत खवलं अडकलं होतं. नखाएवढं, काळं. मी धुतला होता भाला, दर वेळी धुतला होता.

२२ मे

"काका, चाळीस वर्षं तुम्ही इथे मासे धरलेत. सवय असते, मी समजू शकते. पण एकदा सांगायचं होतं."

"मी नाही धरल्या."

"खोपट तुमचं. भाला तुमचा."

"भाला माझाच आहे."

"मग?"

मी दाराशी. तेव्हा बोलायला हवं होतं. तोंडही उघडलं होतं, पण ती रडत होती. मी तिला रडताना कधी पाहिलं नव्हतं आणि हे माझ्यामुळे आहे हे तिला त्याच क्षणी कळलं असतं. काकांनी मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. वादळ यायच्या आधी आभाळाकडे बघतात तसं.

"बरं," ते म्हणाले. "चावी ही घ्या."

फाटकाशी मी त्यांना गाठलं. म्हटलं, "काका—" ते म्हणाले, "अंतर ठेव, तडतड्या," आणि गेले.

दुपारी मी खोलीच्या भिंतीवर मूठ मारली. भिंतीला काही झालं नाही.

२९ मे

तीन दिवस ऊन नाही. आभाळ झाकलेलं, वारा बंद, कपडे वाळत नाहीत. ती शहरात गेलीय, पाण्याचे नमुने तपासून घ्यायला. म्हणाली होती दोन दिवस. पक्कड न्यायला आला होता.

एक गंमत मात्र झाली. सकाळी बांधावर गेलो तर शेकडो मासे वर. तोंडं पाण्याबाहेर काढून उघडझाप करत माझ्याकडे बघत होते, काही मागत असल्यासारखे. मी हात पाण्यात घातला तरी पळाले नाहीत. बोटांना लुचत होते. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कुणालातरी मी आवडलो. तासभर बसलो त्यांच्यात. दिवस वर आला तसे खाली गेले.

तिला फोन करून सांगावंसं वाटलं. केला नाही. ती तिथे त्याच्याबरोबर असेल आणि मी माशांबद्दल बोलणार.

१ जून

सगळे मेले.

वासाने उठलो. तळं पांढरं होतं. पोटं वर. हिरव्या पाण्यावर कडेपासून कडेपर्यंत पोटं. बेडूक नव्हते ओरडत. चतुराच्या अळ्या लव्हाळ्याच्या काड्यांवर चढून बसल्या होत्या, जणू पाण्याला आग लागलीय. मी होडी ढकलली, वल्हं घातलं की मासे लागायचे, मऊ. कशासाठी गेलो मधोमध ते ठाऊक नाही. एखादा जिवंत असेल म्हणून.

ती दहा वाजता आली. बांधावर उभी राहिली. पर्स हातातून गळली ती तिने उचलली नाही.

"काल सकाळी वर आले होते?"

"तीन दिवसांपासून."

"तोंड उघडत होते?"

"हो."

"श्वास कोंडला होता त्यांचा," ती म्हणाली. "शेवाळ रात्री प्राणवायू ओढतं. ऊन नव्हतं. एक फोन करायचा होतास. मी पंप आणला असता." मग अगदी हळू, "मरळी असत्या तर हे झालंच नसतं. आणि झालं असतं तरी त्या जगल्या असत्या. त्या हवा खातात."

मी तिथेच खाली बसलो.

२ जून

दोघांनी दिवसभर मासे काढले. टोपली भरली की काट्यावर, वजन सांगायचं, ती लिहायची. मी म्हटलं, आता कशाला? "कारण हे झालंय," ती म्हणाली. "झालेलं मोजायचं असतं."

चौतिसाव्या टोपलीला मी बोललो. सातही मरळी. भाला, काड्या, सगळं. बोलताना टोपली हातातच होती. वाटलं ती थोबाडीत मारेल, मी गाल पुढे करूनच उभा होतो.

"काकांना कोणी सांगायचं?" तिने विचारलं.

"मी सांगतो."

"चल. मीपण येते."

३ जून

काल पुढचं लिहू शकलो नाही, डावा डोळा मिटलाय.

काकांचं घर गल्लीच्या टोकाला. त्यांचे दोन मुलगे ओट्यावर जाळी शिवत होते, सून धुणं वाळत घालत होती. तिने आधी माफी मागितली, हात जोडून. काका म्हणाले, "बसा हो, चहा टाक गं सूनबाई." मग मी सांगितलं. सगळे ऐकत होते. काकांचा चेहरा हलला नाही, मला वाटलं झालं.

"खाल्ल्यास?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"विकल्यास?"

"नाही. पुरल्या."

"सातही?"

"सातही."

तेव्हा ते उठले. सत्तरीच्या माणसाचा हात एवढा जड असतो हे माहीत नव्हतं. "खाल्ल्या असत्यास तर गप्प बसलो असतो!" ते ओरडत होते. "चाळीस वर्षं मारल्या मी! एक टाकली नाही! तू टाकल्यास?" मग मुलगे आले. मी खाली पडलो, बरगडीत लाथ बसली, तोंडात रक्ताची चव. आयुष्यात पहिल्यांदा मी हात उचलला नाही. वाटलं, ती बघतेय, तिला दिसू दे मी कसा सोसतो. एका डोळ्याने पाहिलं तर ती बघत नव्हती. सुनेबरोबर आत गेली होती. चहा गाळत होती.

काकाच शेवटी म्हणाले, "पुरे. मरेल."

४ जून

शेवटचं लिहितो. एसटीच्या थांब्यावर बसलोय.

सकाळी ती दारात आली. काटा, ट्रे, डबे, तोंडाला फडकं. म्हणाली, "पुरल्यास तिथे खण." बरोबर काका होते, हातात काठी. ते बांधावर सावलीत बसले. ओझं उचलायला आणलं असेल त्यांना.

मी खणलं. पहिल्या दोघींची नुसती हाडं, खवलं आणि मेलेलं खाणारे ढालकिडे. पुढच्यांना अजून मांस होतं. सहाव्या खड्ड्यापासून आतून ऊब येत होती, हात घातला की कळायचं. मी वर बघितलं. "अळ्यापण घे," ती म्हणाली. "कोषपण. जे होतं ते आता त्यांच्यात गेलंय." आम्ही दोघं खड्ड्याच्या दोन कडांना गुडघ्यांवर बसून चिमट्याने अळ्या वेचत होतो. एवढा वेळ तिच्याइतक्या जवळ मी कधीच बसलो नव्हतो. असल्या घाणीत मला तेच सुचत होतं, हेही लिहितो.

तिने मांडीवर तक्ता घेतला. तारीख, लांबी, कारण.

"पहिली?"

"बारा एप्रिल. तुम्हाला चावली म्हणून."

"दुसरी?"

"तेरा. तोही तिथेच होता."

"तिसरी, चौथी?"

"बावीस. तुम्ही पाण्यात उतरणार होतात."

ती लिहीत होती, खाली मान.

"पाचवी, सहावी?"

"एकोणतीस. तोवर... हात बसला होता."

पेन जरा थांबलं. मग तेही लिहिलं.

"सातवी?"

मी सातव्या खड्ड्यात बघत होतो. तिथे अजून वळवळ होती.

"सातवी का मारलीस? ती तर कोपऱ्यातून कधी हललीसुद्धा नाही."

खोटं सुचलं होतं. दोन-तीन सुचली. पण आज खोटं नको वाटलं. तिला खरं आवडतं. मला वाटलं, हे ऐकून तरी तिला कळेल की मला तिच्याबद्दल किती वाटतं.

"त्या दिवशी तुम्ही फोनवर हसत होतात."

तिने लिहिलं नाही. वर पाहिलं. आमच्या दोघांच्या मध्ये फावडं पडलं होतं. तिने डावा हात पुढे केला, दांडा धरला आणि सावकाश आपल्याकडे ओढून घेतलं. नजर माझ्यावरच. मी दमलोय म्हणून आता ती खणणार, असं मला वाटलं. मी म्हटलंसुद्धा, "राहू द्या मॅडम, मी करतो," आणि हात पुढे केला.

ती उभी राहिली. दोन पावलं मागे. तिच्या त्या पायावर अजून व्रण आहे.

"काका," ती म्हणाली. मोठ्याने नाही.

काका आधीच उभे होते.

"मॅडम, मी तुम्हाला कधी—"

"डबे तिथे ठेव. हात धू. दुपारची बस मिळेल." तिचा आवाज त्या चाळणीसारखा, सरळ धरलेला. "राहिलेलं मी जाळीन."

मी हात धुतले. खूप वेळ धुतले. बॅग घेऊन बाहेर आलो तेव्हा ती तिथेच होती, तक्ता खाली मातीत, काका तिच्या बाजूला. मी फाटक बंद केलं, कडी लावली, ती सैल असते म्हणून बाहेरून दोरही बांधला. मागे वळून पाहिलं. एवढ्या अंतरावरूनही दिसत होतं, फावडं तिने अजून खाली ठेवलं नव्हतं.